‘रिजेक्ट’ दाबलं की काय होतं? डिलिव्हरी रायडरच्या परफॉर्मन्स रेटचं गणित

समजा, रात्रीचे साडेनऊ वाजलेत. पुण्यात पाऊस लागलाय. कर्वेनगरात एका टपरीच्या आडोशाला एक रायडर थांबलाय. हातातला फोन वाजतो. स्क्रीनवर नवी ऑर्डर. सात किलोमीटर, पंचेचाळीस रुपये. खाली दोन बटणं, अ‍ॅक्सेप्ट आणि रिजेक्ट. बाजूला सेकंद उलटे मोजले जातायत.

आपल्याला वाटतं, परवडत नसेल तर नको घेऊ ना. कंपनी तर म्हणते, “तुम्ही पार्टनर आहात, तुमच्या मर्जीचे मालक.” मग तो पोरगा भिजत जाऊन ती ऑर्डर का घेतो?

कारण त्याच्या अ‍ॅपमध्ये एक पान असतं, जे आपल्याला दिसत नाही. त्यात टक्के असतात. किती ऑर्डर स्वीकारल्या, किती पूर्ण केल्या, किती वेळेत पोचवल्या, लोकांनी किती स्टार दिले. यांना म्हणतात परफॉर्मन्स रेट. उद्या काम मिळेल की नाही, चांगलं मिळेल की नाही, इन्सेंटिव्ह बसेल की नाही, हे बऱ्याच अंशी हे आकडे ठरवतात.

आज तेच समजून घेऊ.

साहेब नाही, मग कंट्रोल कसा?

आधी एक गोष्ट क्लिअर करू. अ‍ॅपवर काम करणारा रायडर कायद्याने कंपनीचा कर्मचारी नसतो. त्याला मस्टर नाही, महिन्याचा पगार नाही, पगारी सुट्टी नाही. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, मोबाइलचा रिचार्ज त्याचा. कंपनी फक्त ऑर्डर आणि रायडर यांची गाठ घालून देते, असं कागदावर असतं.

आणि हे काही चार पोरांपुरतं नाही. नीती आयोगाने जून २०२२ मध्ये एक अहवाल काढला. त्यानुसार २०२०-२१ मध्ये देशात साधारण ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत हा आकडा २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज आहे. यात सगळे डिलिव्हरीवाले नाहीत, कॅबवाल्यांपासून ब्युटिशियनपर्यंत सगळे आले.

आता एवढ्या लोकांकडून काम करून घ्यायचं, पण त्यांच्या डोक्यावर सुपरवायझर बसवायचा नाही. मग त्यांनी शुक्रवारी रात्री, पावसात, मॅचच्या दिवशी लॉगिन करावं यासाठी काय करायचं? उत्तर आहे आकडे. सुपरवायझर जे ओरडून करतो, ते इथे टक्केवारी गुपचूप करते.

चार रेट, चार वेगळी कामं

नावं अ‍ॅपनुसार बदलतात, पण गाभ्यात हे चार असतात.

१. अ‍ॅक्सेप्टन्स रेट. अ‍ॅपने दाखवलेल्या १०० ऑर्डरपैकी किती घेतल्या. ७० घेतल्या तर ७० टक्के. बटण दाबलंच नाही आणि वेळ संपली, तर तेही बहुतेक ठिकाणी नकारातच धरलं जातं.

२. कम्प्लिशन रेट. घेतलेल्या ऑर्डरपैकी किती शेवटपर्यंत पोचवल्या. ऑर्डर घेतली, हॉटेलवर गेलो, तिथे चाळीस मिनिटं लागणार म्हणाले म्हणून सोडली, तर हा रेट पडतो.

३. ऑन-टाइम रेट. अंदाजे वेळेच्या आत किती ऑर्डर पोचल्या.

४. कस्टमर रेटिंग. आपण देतो ते स्टार. त्यांची सरासरी.

या चारही आकड्यांचं वजन सारखं नसतं. एखादा पडला तर अकाउंट बंद होऊ शकतं. दुसरा पडला तर अकाउंट चालू राहतं, पण चांगल्या ऑर्डर आधी दुसऱ्याला जातात. तिसरा फक्त इन्सेंटिव्ह खातो.

उदाहरण घेऊ अमेरिकेतल्या डोअरडॅशचं. कारण ही कंपनी आपल्या अटी आकड्यांसकट जाहीर करते. तिच्या नियमांनुसार:

- कम्प्लिशन रेट मोजताना घेतलेल्या शेवटच्या १०० ऑर्डर धरतात. तो ठरावीक टक्क्यांच्या खाली गेला तर अकाउंट बंद होऊ शकतं.
- कस्टमर रेटिंग शेवटच्या १०० रेटिंगची सरासरी असते. ती ४.२ च्या खाली गेली तरी अकाउंट बंद होऊ शकतं.
- अ‍ॅक्सेप्टन्स रेट कमी आहे म्हणून अकाउंट बंद करत नाहीत. पण सगळ्यात वरचा दर्जा हवा असेल तर इतर अटींबरोबर हा रेट ७० टक्के लागतो. आणि वरच्या दर्जाच्या रायडरला जास्त पैशांच्या ऑर्डर आधी दाखवल्या जातात.

शेवटचा मुद्दा परत वाचा. नकार द्यायला बंदी नाही. पण नकार देणाऱ्याला चांगली ऑर्डर उशिरा दिसणार. म्हणजे कागदावर स्वातंत्र्य पूर्ण, फक्त ते वापरलं की महाग पडतं.

‘शेवटच्या १००’ ची गंमत

रायडर लोकांच्या ग्रुपवर एक तक्रार कायम दिसते. “सकाळपासून सगळ्या ऑर्डर घेतल्या, तरी रेट हलत का नाही?”

अ‍ॅपमध्ये बिघाड असतोच असं नाही. हे साधं गणित आहे. शेवटच्या १०० चा हिशोब म्हणजे १०० डब्यांची रेल्वे समजा. पुढून नवा डबा जोडला की मागचा एक डबा सुटतो. तुमचा रेट वाढेल की नाही, हे नव्या डब्याइतकंच सुटणाऱ्या डब्यावरही अवलंबून असतं.

आज ऑर्डर घेतली आणि मागून सुटलेली ऑर्डरही घेतलेलीच होती, तर रेट जागच्या जागी. मागून नाकारलेली सुटली, तरच एक टक्का वर.

आता समजा तुमचा अ‍ॅक्सेप्टन्स रेट ६० आहे आणि ७० करायचाय.

- तुमचे ४० नकार १०० ऑर्डरमध्ये सारखे विखुरलेले असतील, तर सलग २५ ऑर्डर घ्याव्या लागतील. कारण तेव्हा मागून सुटणाऱ्या २५ मध्ये साधारण १० नकार असतात.
- सगळ्यात जुन्या १० ऑर्डर नकाराच्याच असतील, तर फक्त १० ऑर्डरमध्ये काम होतं.
- आणि सगळे ४० नकार अगदी अलीकडचे असतील, तर आधीच्या ६० स्वीकारलेल्या ऑर्डर सुटेपर्यंत रेट ढिम्म हलत नाही. ७० गाठायला सलग ७० ऑर्डर घ्याव्या लागतात.

म्हणजे एका आठवड्यात आजारपणामुळे किंवा घरच्या अडचणीमुळे ऑर्डर नाकारल्या, तर त्याची फेड पुढचे कित्येक दिवस चालते. त्या काळात तोट्याच्या ऑर्डरही घ्याव्या लागतात, कारण रेट भरून काढायचा असतो.

चार स्टार म्हणजे ‘चांगलं’ नव्हे

हा भाग आपल्यासाठी, म्हणजे ऑर्डर करणाऱ्यांसाठी.

आपण शाळेत शिकलोय की पाचपैकी चार म्हणजे ८० टक्के, म्हणजे डिस्टिंक्शन. त्यामुळे बरेच जण विचार करतात, “ठीक होतं सगळं, देऊ चार.” आता वरची अट आठवा. सरासरी ४.२ च्या खाली गेली की अकाउंट धोक्यात. म्हणजे एखाद्या रायडरला सगळ्याच लोकांनी प्रेमाने चार-चार स्टार दिले, तर त्याची सरासरी ४.० होते आणि तो बाहेर जाऊ शकतो.

एक स्टारचं गणित अजून कडक आहे. १० रेटिंग झालेल्या नव्या रायडरला नऊ जणांनी पाच आणि एकाने एक स्टार दिला, तर सरासरी होते ४.६. तोच एक स्टार १०० रेटिंगवाल्या जुन्या रायडरला मिळाला, तर सरासरी ४.९६ राहते. चूक एकच, पण नव्या पोराला दहापट झटका. त्यामुळे सुरुवातीचे दिवस सगळ्यात नाजूक असतात.

कंपन्या म्हणतात की रायडरच्या हातात नसलेल्या कारणाचं वाईट रेटिंग आम्ही वगळतो. डोअरडॅशच्या नियमातही तसं आहे. पण त्यासाठी कारण सिस्टीमला कळायला हवं. ग्राहकाने रागात एक स्टार दाबून अ‍ॅप बंद केलं, तर पनीर खारट होतं म्हणून दिला की रायडर उद्धट बोलला म्हणून, हे कसं कळणार?

भारतात खरा खेळ इन्सेंटिव्हचा

आपल्याकडे रायडरची कमाई साधारण अशी जुळते: ऑर्डरमागे मूळ रक्कम, अंतराचे पैसे, पाऊस किंवा गर्दीच्या वेळचे जादा पैसे, टिप आणि इन्सेंटिव्ह. इन्सेंटिव्हचे नियम शहर, झोन आणि दिवसानुसार बदलत राहतात. त्यात ऑर्डरच्या संख्येबरोबर अटी असतात. इतके तास लॉगिन हवं, संध्याकाळच्या गर्दीत ऑनलाइन हवं, इतक्यापेक्षा जास्त ऑर्डर नाकारायच्या नाहीत.

एक काल्पनिक उदाहरण. दिवसाला २० ऑर्डर केल्या तर २०० रुपये जादा, २५ केल्या तर ३५० रुपये. आपल्या कर्वेनगरच्या रायडरच्या २४ झाल्यात. समोर ती सात किलोमीटरची, पंचेचाळीस रुपयांची ऑर्डर आहे.

आपल्याला ती ४५ ची दिसते. त्याला ती १९५ ची दिसते, कारण ही २५ वी आहे आणि तिच्यासोबत पुढच्या टप्प्याचे १५० रुपये येतात. आणि नकाराची मर्यादा आधीच संपली असेल, तर ‘रिजेक्ट’ दाबल्यावर आधी कमावलेले २०० पण जाऊ शकतात. आता सांगा, ‘मर्जीचा मालक’ कोणतं बटण दाबेल?

रेटच्या या रचनेतला एक आकडा बदलला की अख्ख्या शहरात काय होतं, हे एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली-एनसीआरमध्ये दिसलं. ब्लिंकिटने ऑर्डरमागची किमान रक्कम २५ रुपयांवरून १५ रुपये केली आणि त्यावर अंतराचे पैसे अशी नवी पद्धत आणली. रायडर संपावर गेले, बरीच डार्क स्टोअर्स काही दिवस बंद पडली.

कंपन्यांची बाजूही ऐकू. जानेवारी २०२६ मध्ये झोमॅटोचे सहसंस्थापक दीपिंदर गोयल यांनी सोशल मीडियावर काही आकडे टाकले. त्यांच्या म्हणण्यानुसार २०२५ मध्ये झोमॅटोच्या रायडरची टिप सोडून सरासरी कमाई तासाला १०२ रुपये होती. दिवसाला १० तास आणि महिन्याला २६ दिवस काम केलं तर साधारण साडेसव्वीस हजार होतात, आणि पेट्रोल-मेंटेनन्सचे २० टक्के वजा जाता हातात साधारण २१ हजार राहतात. सरासरी रायडर वर्षात ३८ दिवसच काम करतो, असंही त्यांनी सांगितलं. म्हणजे बहुतेकांसाठी हे जोडकाम आहे, असा त्यांचा मुद्दा.

पण सरासरीत एक गोष्ट लपते. जो कॉलेज करून विकेंडला दोन तास लॉगिन करतो, त्याने ऑर्डर नाकारली तर फार बिघडत नाही. जो याच पैशांवर गाडीचा हप्ता भरतो, त्याला नाही म्हणता येत नाही. रेट दोघांना सारखाच मोजतो, पण दाब एकावरच येतो.

उशीर पाच ठिकाणी, भरपाई एकाच ठिकाणी

एक ऑर्डर तुमच्या दारात येईपर्यंत पाच टप्पे असतात. हॉटेलात पदार्थ तयार होणं. काउंटरवर पार्सल मिळणं. रस्ता. सोसायटीचं गेट. लिफ्ट आणि दार.

यातले चार टप्पे रायडरच्या हातात नाहीत. किचनला घाई करता येत नाही. गेटवर वॉचमन नाव-नंबर लिहून घेतो, अ‍ॅपवर परवानगी येईपर्यंत थांबवतो. काही सोसायट्यांमध्ये डिलिव्हरीवाल्यांनी सर्व्हिस लिफ्टच वापरायची असा नियम असतो, आणि ती लिफ्ट असते बाविसाव्या मजल्यावर. वर पोचलं की आपण फोन उचलत नाही.

उरला एक टप्पा, रस्ता. आधी गेलेली पाच मिनिटं फक्त तिथेच वाचवता येतात. सिग्नल तोडून, राँग साइडने, पावसात स्पीड वाढवून. म्हणून आपल्याला ही पोरं कायम घाईत दिसतात.

यावर कंपन्यांचं म्हणणं वेगळं आहे. झोमॅटोने मार्च २०२२ मध्ये १० मिनिटांत जेवण पोचवण्याची घोषणा केली, तेव्हाच गोयल म्हणाले होते की उशिरासाठी दंड नाही आणि वेळेत पोचवण्यासाठी बक्षीस नाही. ग्राहकाला किती मिनिटांचा शब्द दिलाय, त्याचा टायमर रायडरच्या अ‍ॅपमध्ये नसतो, असंही त्यांनी नंतर सांगितलं. १० मिनिटं शक्य होतात ती दुकानं जवळ असल्यामुळे, वेगामुळे नाही, हा त्यांचा दावा.

दंड नसेल, हे मान्य करू. पण दाब आणायला दंडच लागतो असं नाही. ऑर्डर उशिरा पोचली की ग्राहक चिडतो आणि स्टार कमी देतो. शिवाय इन्सेंटिव्हसाठी ऑर्डर मोजल्या जातात, मग एका ऑर्डरला जास्त वेळ गेला की दिवसाच्या दोन कमी होतात. टायमर नसला तरी घड्याळ असतंच.

२५ आणि ३१ डिसेंबर २०२५ ला देशभरातल्या गिग कामगारांच्या संघटनांनी संप पुकारला. ‘१० मिनिटांत डिलिव्हरी’ बंद करा, ही त्यांची एक मोठी मागणी होती. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय कामगार मंत्री मनसुख मांडविया यांनी कंपन्यांशी चर्चा केली आणि ब्लिंकिटने जाहिरातीतून १० मिनिटांचा दावा काढला.

एका अल्गोरिदमला कोर्टाने पकडलं, ती गोष्ट

इटलीत डिलिव्हरू कंपनीचा एक अल्गोरिदम होता. नाव फ्रँक. तिथे रायडरला आठवड्याचे स्लॉट आधी बुक करावे लागायचे. बुकिंग सोमवारी तीन वेळा उघडायचं, सकाळी ११, दुपारी ३ आणि संध्याकाळी ५. ज्याचा रेट चांगला त्याला ११ वाजता एंट्री. ज्याचा खराब त्याला ५ वाजता, म्हणजे चांगले स्लॉट संपल्यावर.

रेट कसा ठरायचा? दोन गोष्टींवर. एक, बुक केलेल्या स्लॉटला तुम्ही नक्की येता का. दोन, शुक्रवार ते रविवारच्या रात्रीच्या गर्दीत किती काम करता.

वरवर बघता यात चूक काय? कामगार संघटना कोर्टात गेल्या आणि त्यांनी चूक दाखवली. २४ तासांपेक्षा कमी वेळ राहिला असताना स्लॉट रद्द केला की मार्क कापले जायचे, कारण काहीही असो. कोणी आळसाने नाही आलं, कोणाला ताप आला, कोणाचं मूल आजारी पडलं, कोणी संपात गेलं, फ्रँकसाठी सगळे सारखेच.

३१ डिसेंबर २०२० ला बोलोन्याच्या कोर्टाने निकाल दिला. कारण न बघता सगळ्यांना एकाच मापाने मोजणं हाही भेदभावच आहे, असं कोर्टाने म्हटलं आणि कंपनीला ५० हजार युरो भरपाई द्यायला लावली. निकालाआधीच कंपनीने ती पद्धत बंद केली होती. पण मुद्दा नोंदला गेला. सगळ्यांना सारखा नियम लावला म्हणजे न्याय झाला, असं नाही.

पुढे स्पेनने २०२१ मध्ये कायदा करून अल्गोरिदम कशावर चालतो ते कामगारांच्या प्रतिनिधींना सांगणं बंधनकारक केलं. युरोपियन युनियनने २०२४ मध्ये प्लॅटफॉर्म कामाबद्दल नियम केले. त्यानुसार कोणाचं अकाउंट बंद करायचा निर्णय मशीनने परस्पर घ्यायचा नाही, तो माणसाने घ्यायचा. सदस्य देशांना हे आपल्या कायद्यात आणायला २ डिसेंबर २०२६ पर्यंतची मुदत आहे.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये पहिल्यांदा ‘गिग कामगार’ आणि ‘प्लॅटफॉर्म कामगार’ यांची व्याख्या आली. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची, अशी तरतूद त्यात आहे. विमा, आरोग्य, म्हातारपणीची सोय यासाठी हे महत्त्वाचं आहे. पण रेट कसा मोजायचा आणि अकाउंट का बंद केलं, या प्रश्नांची उत्तरं त्यात नाहीत.

राज्यांमध्ये राजस्थानने २०२३ मध्ये पहिला कायदा केला. कर्नाटकने २०२५ मध्ये एक पाऊल पुढे टाकलं. तिथल्या कायद्यात कंपनीने आपली स्वयंचलित यंत्रणा कामगारावर कसा परिणाम करते ते सांगायचं आहे, आणि काढून टाकायचं असेल तर सहसा कारण देऊन १४ दिवसांची नोटीस द्यायची आहे. कागल-निपाणीच्या अलीकडे काम करणाऱ्या रायडरला मात्र हा कायदा लागू होत नाही.

मग करायचं काय?

तुम्ही रायडर असाल तर:

- कोणता रेट पडला की काय जातं, हे आधी शोधा: अकाउंट, प्राधान्य की फक्त इन्सेंटिव्ह. अकाउंटवाला रेट आधी सांभाळा.
- ऑर्डर सोडायची वेळ आली तर आधी हेल्पलाइनवर कारण नोंदवा, मग सोडा. हॉटेलने उशीर केला असेल तर वेळेसकट स्क्रीनशॉट ठेवा.
- इन्सेंटिव्हच्या अटी दिवसाच्या सुरुवातीलाच स्क्रीनशॉट काढून ठेवा. रात्री वाद झाला तर तोच पुरावा.
- ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करा. प्लॅटफॉर्म कामगारांना तिथून ओळखपत्र आणि आरोग्य योजनेचा लाभ द्यायची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय बजेटमध्ये झाली आहे.

तुम्ही ऑर्डर करणारे असाल तर:

- जेवणाची तक्रार हॉटेलच्या रेटिंगमध्ये करा, रायडरच्या नाही.
- काही चुकलं नसेल तर पाचच द्या. चार म्हणजे त्याच्यासाठी वजाबाकी आहे.
- लोकेशनची पिन नीट टाका, विंग आणि फ्लॅट नंबर लिहा, गेटवरची परवानगी लगेच द्या, फोन उचला. ही दोन-तीन मिनिटं तो रस्त्यावर वाचवायला जात नाही.

बाकी कर्वेनगरचा तो रायडर. सेकंद संपत आले होते. त्याने अ‍ॅक्सेप्ट दाबलं, रेनकोटची टोपी ओढली आणि निघाला. तो तुमच्या दारात दहा मिनिटं उशिरा आला, तर “दादा, इतका वेळ का लागला?” असं जरूर विचारा. फक्त उत्तर ऐकून घ्या, आणि मग स्टार द्या.